कुत्र्याच्या नाकाला काजळ

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला प्राणिप्रेमी वगैरे समजायला नको. शेतावर राखणीला कुत्रं असावं, त्यानं शिळी भाकरी खावी, परक्या माणसावर भुंकावं आणि गोठ्याबाहेर झोपावं, एवढीच माझी समज. घरात चढून बसणारं आणि अंगणभर केस गाळणारं कुत्रं मला बघवत नाही.

तसलंच कुत्रं माझ्या गळ्यात पडलं ते भाडेकरूंमुळं. चांदे गावात आमच्या जमिनीच्या कडेला आम्ही रूम बांधल्यात. हिंजवडीला कामाला जाणारी माणसं तिथं राहतात. वरच्या मजल्यावरच्या एका जोडप्यानं हस्की आणला होता. करडापांढरा, लांडग्यासारखं तोंड, काळंभोर नाक आणि डोळ्यांभोवती काळी कड. बर्फातलं जनावर मुळशीच्या उन्हात आणायचं आणि मग त्याच्यासाठी दिवसभर एसी लावून ठेवायचा, याला हल्ली हौस म्हणतात. पुढं नवऱ्याला परदेशात नोकरी लागली. "काकू, फक्त पंधरा दिवस," असं म्हणून ती बाई पट्टा माझ्या मुलीच्या हातात देऊन गेली. पंधरा दिवसांचे सहा महिने झाले आणि मग तिचा फोनच लागेना. एवढी शिकलेली माणसं, पण भाकड गाय रानात सोडून येणाऱ्यात आणि त्यांच्यात मला काही फरक दिसला नाही.

माझी मुलगी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिचे वडील जाऊन सहा वर्षं झालेली. घरात आम्ही दोघीच, आणि शेजारच्या घरात माझी थोरली जाऊ आणि दीर. मुलगी ऑफिसातून आली की आधी त्या कुत्र्याच्या गळ्यात पडायची आणि मग मला "आई, चहा" म्हणायची. तिला दिवसभर वेळ नाही, म्हणून त्याला दूधभाकरी घालायचं काम माझ्याकडं आलं. बडबडत घालायचे, पण घालायचे.

शिमगा जवळ आला होता तेव्हा त्याच्या नाकाचा रंग उडायला लागला. आधी राखेसारखं झालं, मग मधेमधे गुलाबी. चार आठवड्यांत सगळं नाक कच्च्या मांसासारखं दिसायला लागलं. ओठ पांढरे पडले, पापण्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. नाकावरचं कातडं तडकून त्यातून पाणी यायचं, त्याच्या खपल्या धरायच्या आणि त्या खपल्या तो चाटून काढायचा. डोळे तर बघूच नयेत असे. लालभडक, आत गढूळ, कोपऱ्यात पिवळा चिकट पू, आणि त्या पुवावर माश्या. तो अंधारात, जिन्याखाली जाऊन बसायचा. उन्हात ओढलं तर डोळे गच्च मिटून घ्यायचा. जवळ गेलं की कुबट वास यायचा. मी त्याची थाळी पायानं पुढं सरकवायला लागले. जेवताना तो समोर आला तर माझा घास तोंडातच फिरायचा.

जाऊबाईंनी एकदा अंगणात येऊन नीट बघितलं आणि पदर नाकाला लावला.

"अगं बाई, कोड निघालंय की ह्याला! हाकलून दे पयलं. घरात लग्नाची पोरगी हाय."

"कुत्र्याला कुठं कोड निघतंय, अक्का?"

"मग हे काय हाय? लोकं काय म्हनतील? हात लावून लावून तुमच्या अंगावर यील."

कोड हा शब्द आमच्याकडं हळू आवाजात बोलतात. कुणाच्या कोपरावर रुपयाएवढा पांढरा डाग असला की त्या घरातल्या पुढच्या दोन पिढ्यांची लग्नं अडतात. तो कुणाच्या हात लावण्यानं येत नाही हे शाळेतल्या पोरांना ठाऊक असतं, मोठ्यांनाही ठाऊक असतं, पण लग्न म्हटलं की ठाऊक असलेलं सगळं खुंटीला टांगतात. मी वीस वर्षं बालवाडीत शिकवलंय. मलाही ठाऊक होतं.

दिरांचं म्हणणं वेगळं. ती खरूज आहे, आणि खरजेला ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडलं की आठ दिवसांत कुत्रं मोकळं होतं. ते डबा घेऊन आलेही होते. मुलीनं तो डबा त्यांच्या हातातून काढून घेतला, कुत्र्याला गाडीत घातलं आणि म्हाळुंग्याच्या पुढं एका जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. मलाही बरोबर घेतलं, कारण त्याला धरायला कुणीतरी हवं होतं. वाटभर तो माझ्या साडीवर लाळ गाळत होता.

डॉक्टर तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. त्यानं डोळ्यात बॅटरी मारून बघितलं, नाकाचा बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि आठवड्यानं पुन्हा बोलावून सगळं समजावून सांगितलं. अंगात रोगाशी लढणारी जी राखण असते, तीच उलटली आहे. काळा रंग तयार करणाऱ्या पेशी तिला शत्रू वाटायला लागल्यात. तसल्या पेशी नाकात असतात, ओठांत असतात, पापण्यांत असतात आणि डोळ्याच्या आतही असतात. म्हणून नाक पांढरं पडलंय आणि म्हणूनच डोळे सुजलेत. दोन्ही एकच दुखणं.

"म्हणजे कुंपणानंच शेत खायला घेतलं," मी म्हणाले.

"अगदी तसंच. आणि काकू, हे तुम्हाला होणार नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही होणार नाही. नाकाची काळजी करू नका, ते पांढरं राहिलं तरी चालेल. डोळे मात्र हातातून जाऊ शकतात. गोळी रोज, थेंब दिवसातून चार वेळा. बरं दिसतंय म्हणून बंद करायचं नाही. एक दिवससुद्धा नाही. कमी करायची ती मी सांगेन तशीच करायची."

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. मी मान डोलावली. हे लिहून ठेवणं जरूर आहे, कारण नंतर "मला कुठं एवढं कळत होतं" असं म्हणायची मला फार इच्छा झाली होती.

मुलगी सकाळी सातला निघायची. रात्रीचे थेंब ती घालायची, बाकी सगळं माझ्यावर. सकाळी भाकरीच्या गोळ्यात औषधाची गोळी दडवायची. मग कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळ्यांतली घाण पुसायची. ती वाळून केसांना चिकटलेली असायची, ओढून निघायची नाही, भिजवून भिजवून काढावी लागायची. बोटाला ते बुळबुळीत लागायचं. मी दर वेळी तीनदा साबणानं हात धुवायचे आणि मग तोच हात भाकरीच्या पिठात घालायची माझी छाती व्हायची नाही. पहिला आठवडाभर तर मी विकतचा पाव खाल्ला.

पण थेंब लागू पडले. महिन्याभरात पू थांबला, लाली उतरली. तो जिन्याखालून बाहेर आला. एका दुपारी कुंपणावर बसलेल्या भारद्वाजाकडं तो टक लावून बघत होता आणि पक्षी उडाला तशी त्याची मान त्याच्यामागं फिरली. मी मुलीला ऑफिसात फोन करून सांगितलं. तिच्या कामाच्या वेळेत मी कधी फोन करत नाही.

नाक काही काळं झालं नाही. शिवाय गोळ्यांनी त्याला राक्षसासारखी तहान लागायची. बादली-बादली पाणी प्यायचा आणि अंगणभर मुतायचा. मी फिनेल ओतून ओतून दमले. तुळशीकट्टासुद्धा त्यानं सोडला नाही.

अशात पौडकडचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि मुलीलाही फोटो आणि बोलणं पसंत पडलं होतं. दोघं फोनवर तास-तास बोलायची. रविवारी पाहायला यायचं ठरलं. त्याच्या आधी गुरुवारी जाऊबाई धापा टाकत आल्या. मुलाकडच्यांनी आमच्या भावकीतल्या कुणाकडं तरी चौकशी केली होती, आणि त्या कुणीतरी सांगितलं होतं की घर चांगलं आहे, पण घरात कोड आहे. कुत्र्याचं म्हणून सुरू झालेली गोष्ट पौडला पोचेपर्यंत घराची झाली होती. चांद्यातली गोष्ट पौडला जायला मोटारसायकलसुद्धा लागत नाही.

"कुत्रं कुटंतरी ठिवू दोन दिस," मी म्हणाले. "कासारसाईला तुमच्या भावाकडं."

"लपिवलं की खरंच वाटंल त्यांला," जाऊबाई म्हणाल्या. "उलट पुढं आनायचं. बगा म्हनावं, कुटं हाय कोड? काळंभोर नाक हाय."

"नाक काळं कुटं हाय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "काजळ न्हाई का घरात?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. आणि थोड्या वेळानं माझंही हसू गेलं, कारण मला तो उपाय पटायला लागला होता. आमच्याकडं बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचा ठिपका लावतात. दृष्ट काढायची, डाग झाकायचा, पाहुण्यांपुढं सगळं बरं दिसलं पाहिजे. या कामात आमच्या बायका तरबेज. कुत्र्याच्या नाकाला काजळ लावणं हे त्याच रांगेतलं वाटलं मला.

जाऊबाईंनी पुढचंही सांगितलं. पाहुण्यांसमोर हे मुतलं तर कसं? गोळ्यांनी होतं ना ते? मग रविवारपर्यंत गोळ्या राहू दे. दोन-तीन दिवसांनी काय बिघडतंय, आता तर बरं आहे. शुक्रवारी सकाळी मी भाकरीचा गोळा केला आणि त्यात गोळी घातली नाही. शनिवारीही नाही. रविवारीही नाही. त्यानं तिन्ही दिवस तो कोरा गोळा शेपूट हलवत खाल्ला.

रविवारी सकाळी घरात पाहुण्यांची गडबड. आत बायका मुलीला साडी नेसवत होत्या. तिनं आतूनच विचारलं, "आई, थेंब घातलेस ना त्याला?"

"घातले," मी म्हणाले.

घातले नव्हते. थेंबांनी काजळ ओघळलं असतं.

घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळाची डबी घेऊन मी गोठ्यामागं गेले. तो मला बघून उठला आणि माझ्यासमोर येऊन बसला. त्याला वाटलं, थेंबांची वेळ झाली. त्यानं आपणहून तोंड वर केलं आणि डोळे उघडे ठेवले. मी बोटावर काजळ घेतलं आणि त्याच्या नाकावर चोळलं. खपल्यांवर ते बसेना, म्हणून पुन्हा चोळलं. मग ओठांच्या कडांना लावलं. मग पापण्यांना. खालची पापणी ओढून, कडेकडेनं, जसं मुलगी लहान असताना तिच्या डोळ्यात घालत होते तसं. त्यानं एकदा डोकं झटकलं. मी "गप बस" म्हटलं, तसा तो गप बसला. त्याच्या नाकातलं पाणी आणि तूप आणि काजळी यांचा एक काळा चिखल माझ्या बोटाला लागला होता. त्याच बोटानं मी दुसरा डोळा पुरा केला.

पाहुणे पडवीत बसले तसं जाऊबाईंनी कुत्र्याला पट्ट्याला धरून पुढं आणलं. तो उन्हात डोळे बारीक करून, मान खाली घालून उभा राहिला. मुलाच्या वडिलांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

"लई शांत हाय की," ते म्हणाले.

"शांतच हाय बिचारं," जाऊबाई म्हणाल्या. "लोकं उगं कायबी बोलत्यात."

मुलाच्या आईनं कुत्र्याच्या नाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि पोह्यांची बशी हातात घेतली. त्यांना काय दिसलं कोण जाणे. पाच मिनिटांत कुत्र्याला परत मागं नेलं आणि मग मुलगी चहा घेऊन बाहेर आली.

पाहुणे गेल्यावर मी ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. तुपाचं काजळ पाण्यानं निघत नाही. जितकं पुसावं तितकं पसरत होतं, डोळ्यांत जात होतं, आणि मुलगी कुठल्याही क्षणी साडी बदलून मागं येईल म्हणून मी घाईनं घासत होते. तो पहिल्यांदा माझ्यावर गुरगुरला. मी त्याच्या थोबाडीत मारली.

संध्याकाळी मुलीनं विचारलं, "आई, याचे डोळे परत लाल का दिसतायत?"

"धूळ गेली असंल. दिवसभर ते सिमेंटच्या मिक्सरचे ट्रक जातायत."

दुसऱ्या दिवशी मुलाकडून होकार आला. मी देवापुढं साखर ठेवली. गोळ्याही पुन्हा सुरू केल्या, थेंबही घातले. मंगळवारी सकाळी मी भाकरीचा गोळा घेऊन गेले तेव्हा तो माझ्या आवाजाकडं निघाला आणि वाटेतल्या खांबावर धाडकन आपटला. मागं सरला, आणि पुन्हा त्याच खांबावर आपटला. त्याचे डोळे उघडे होते. आत निळसर दूध भरल्यासारखं दिसत होतं.

मुलीनं ऑफिसला सुट्टी टाकली. डॉक्टरनं त्याला टेबलावर घेतलं, कापूस औषधात भिजवला आणि खालची पापणी ओढून आतून पुसलं. कापूस काळा झाला. त्यानं दुसरा घेतला. तोही काळा झाला. पापणीच्या आतल्या घडीत काळ्या पुवाची एक गाठ साचली होती, ती त्यानं चिमट्यानं ओढून काढली आणि पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवली.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

मी हातातला पट्टा बोटांना गुंडाळला.

"गोळ्या चालू होत्या ना?"

मुलगी म्हणाली, "हो, रोज. आई देते." आणि मग तिनं ट्रेमधल्या त्या काळ्या गाठीकडं बघितलं. तिच्या बोटांत अजून त्याचा कान धरलेला होता. ती माझ्याकडं वळली नाही.

"तीन दिवस दिली नव्हती," मी म्हणाले.

डोळ्यांच्या आतला पडदा सुटला होता. डॉक्टरनं सुया दिल्या, औषधं वाढवली, आठ दिवस वाट बघितली. उजेड परतला नाही. मी एकदा त्याला बाजूला गाठून विचारलं की, समजा, नुसतंच विचारते, सगळं वेळेवर दिलं असतं तर? तो म्हणाला, "हा रोगच वाईट असतो काकू. कदाचित तरीही कधीतरी गेले असते. नक्की कुणी सांगू शकत नाही." ते "कदाचित" मी पदराच्या गाठीत बांधून घरी आणलं. भांडी घासताना, भाकरी थापताना मी ते मनातल्या मनात काढून बघायचे. मला त्यातून बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची लाज वाटायची, आणि तरी मी पुन्हा काढून बघायचे.

मुलीनं त्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं, नाकापासून काजळापर्यंत. तो म्हणे आधी हसला आणि मग म्हणाला, घरी विचारून सांगतो. दोन दिवसांनी निरोप आला की पत्रिका जमत नाही. जाऊबाईंनी अंगणात उभं राहून कपाळावर हात मारला. "कुत्र्यापायी सोन्यासारखं स्थळ घालवलं बया!" मुलगी त्यांना एक शब्द बोलली नाही. मलाही नाही. जेवायला वाढलं तर जेवायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. ऑफिसातून आली की कुत्र्याचा पट्टा धरून त्याला अंगणातली वाट शिकवायची. इथं पायरी, इथं हौद, इथं तुळस. तो पाय चाचपत चालायचा. डोळे आता सुकून बारीक झाले होते, आणि नाक तसंच, पांढरं.

एका रविवारी सकाळी भावकीतली एक बाई दळण घेऊन जाताना कुंपणापाशी थांबली. मला वाटतं, पौडला गोष्ट पोचवणारी तीच. कुत्रं भिंतीला अंग घासत चाललेलं तिला दिसलं. तिनं पदर सावरून घेतला.

"आंधळं झालं व्हय वं? आरं देवा. कोडानं डोळं बी खाल्लं म्हना की."

तोंडापर्यंत आलं होतं. कोड नाही ते, कधीच नव्हतं, आणि डोळे त्यानं खाल्ले नाहीत, असं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती बाई वाट बघत उभी होती. पिठाचा डबा तिनं या कमरेवरून त्या कमरेवर घेतला.

"व्हय," मी म्हणाले. "कोडानंच."

ती हळहळत निघून गेली. मी वळले तर मुलगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ती ओरडेल, निदान रडेल, असं मला वाटलं, आणि ते मला चाललं असतं. मी तिच्याकडं एक पाऊल टाकलं, तशी ती दोन पावलं मागं सरली आणि तिनं ओठ आवळून श्वास धरला. त्या कुत्र्याची थाळी पायानं सरकवताना मी जसा धरायचे तसाच. माझ्या मुलीला माझी किळस आली होती.